वाघाच्या मावशीचीं बाळें

मांजर हें मराठी घराला कधींच परकें नव्हतें. कुत्रा दाराशीं बसतो, गाय गोठ्यांत उभी असते. मांजर मात्र थेट चुलीपाशीं येतें आणि घरधनी तेंच असावें अशा थाटांत पाय पसरतें. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत तें असतें, आणि त्याच्यापुढें बहुधा दुधाची बशी ठेवलेली असते. डोळे मिटून दूध पिणारें मांजर तर भाषेंतच येऊन बसलें आहे. मांजर आणि दूध ही जोडी मनांत इतकी घट्ट रुजली आहे कीं, एखादें उपाशी पिलूं दिसलें म्हणजे दयाळू मनुष्याचा हात प्रथम दुधाच्या भांड्याकडेच वळतो. तो हात प्रेमाचा असतो यांत शंका नाहीं. परंतु त्या प्रेमाच्या हातूनच कितीतरी पिलें प्राणांस मुकतात, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

पावसाळ्याच्या आरंभीं एखाद्या इमारतीच्या जिन्याखालीं हा प्रसंग हटकून घडतो. शाळेंतून परतणाऱ्या मुलांना केविलवाणा आवाज ऐकूं येतो. कोपऱ्यांत मुठीएवढें, भिजलेलें पिलूं निपचित पडलेलें असतें. मुलें तें उचलून घरीं आणतात. आई कपाळाला आठ्या घालते, पण तिचेंही मन द्रवतें. गाईच्या दुधांत थोडें पाणी घालून तें वाटींत ओतलें जातें. पिलूं चाटत नाहीं, म्हणून ड्रॉपरनें दूध त्याच्या तोंडांत सोडलें जातें. तें वळवळूं नये म्हणून त्याला तान्ह्या मुलासारखें मांडीवर उताणें धरलें जातें. रात्रीं पिलूं शांत होतें आणि घर समाधानानें झोपीं जातें. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशीं सकाळीं तें हालत नाहीं. मुलें रडतात. ‘त्याचें आयुष्यच तेवढें होतें’ असें सांगून वडील माणसें त्यांची समजूत घालतात.

ही समजूत पुष्कळदां खरी नसते. अशा प्रसंगीं एकामागून एक अशा चार चुका झालेल्या असतात: पिलूं उचलण्याची घाई झाली, तें थंड असतांना त्याला पाजलें, जें पाजलें तें दूध चुकीचें होतें, आणि पाजण्याची रीतही चुकीची होती. या चारही चुका टाळतां येण्यासारख्या आहेत, आणि त्या टाळण्यासाठीं पैशापेक्षां माहितीचीच गरज अधिक आहे.

पहिली चूक घाईची. मांजरी पिलांना टाकून गेली असें जें पाहणाऱ्याला वाटतें, तें पुष्कळदां खरें नसतें. पिलांना पाजावयाचें तर तिला स्वतःचें पोट भरावें लागतें, आणि त्यासाठीं कांहीं तास दूर राहावें लागतें. शिवाय जागा असुरक्षित वाटली कीं ती पिलांना दुसरीकडे हलविते. ‘मांजर पिलांना सात घरें दाखवितें’ असें जुनीं माणसें म्हणत. एका खेपेस तिच्या तोंडांत एकच पिलूं मावतें. म्हणजे शेवटचें पिलूं कांहीं वेळ एकटें राहणारच. नेमक्या त्याच वेळीं कोणी दयाळू मनुष्य तेथें आला, तर तें पिलूं आईला कायमचें अंतरतें.

म्हणून पिलूं उचलण्यापूर्वीं तें नीट पाहावें. अंग कोरडें व स्वच्छ आहे, पोट गोल आहे, आणि पिलूं ऊबदार जागीं निजलेलें आहे, तर आई जवळपास आहे असें समजावें. कांहीं तास दुरून लक्ष ठेवावें. जागा रस्त्यावर किंवा पावसांत असेल, तर पिलूं चार पावलांवर आडोशाला ठेवावें. माणसाचा हात लागला कीं मांजरी पिलाला जवळ करीत नाहीं, ही समजूत बहुतांशीं निराधार आहे. आईच्या दुधाची बरोबरी दुसरें कोणतेंही दूध करूं शकत नाहीं. ज्या चिकाचा आपल्याकडे खरवस होतो, तसाच चीक मांजरीलाही पहिल्या दिवशीं येतो, आणि त्यांतून पिलाला रोगप्रतिकारक द्रव्यें मिळतात. हीं द्रव्यें जशींच्या तशीं शोषून घेण्याची शक्ति पिलाच्या आंतड्यांत जन्मानंतर सुमारें १६ तासच टिकते. यासाठीं, आई सांपडली असेल तर पिलांना पोसण्याचा सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे आईला पोसणें. पाजत्या मांजरीला एरव्हींच्या दुप्पट, आणि पिलें अधिक असल्यास तिपटीपर्यंत, अन्न लागतें. तिला पोटभर खाऊं घातलें कीं बाकीचें काम ती माणसापेक्षां पुष्कळ चांगलें करते.

बराच वेळ वाट पाहूनही आई आली नाहीं, किंवा ती मेली आहे हें नक्की कळलें, तर मात्र जबाबदारी माणसावर येते. आणि येथें दुसरी चूक टाळावयाची असते. पोरक्या पिलाला पहिली गरज अन्नाची नसून ऊबेची असते. पहिल्या आठवड्यांत पिलाच्या शरीराची उष्णता ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते, आणि ती राखण्याचें साधन त्याच्यापाशीं नसतें. थंडी वाजली म्हणजे माणूस कुडकुडतो व त्यानें अंगांत ऊब येते. हीं पिलें पहिले कांहीं दिवस कुडकुडूंही शकत नाहींत. आईचें पोट व भावंडांची अंगें हीच त्यांची शेगडी. ती गेली कीं पिलूं निवूं लागतें. शरीर ३५ अंशांच्या खालीं गेलें म्हणजे आंतड्यांची हालचाल मंदावते व अखेर थांबते. अशा पोटांत गेलेलें उत्तम दूधसुद्धां पचत नाहीं. तें तेथेंच सांचतें, आंबतें, किंवा उलटून श्वासनलिकेंत शिरतें. पिलूं भुकेनें मरेल या भीतीनें पाजलेलें दूधच त्याच्या मृत्यूचें कारण होतें.

यासाठीं प्रथम पिलूं कोरडें करावें. तोंडांत बोटाचें टोक घालून पाहावें. तें गार लागलें तर पाजण्याचा विचारही करूं नये. मऊ कापडांत गुंडाळून पिलूं छातीशीं धरावें. पुठ्ठ्याच्या खोक्यांत जुन्या सुती लुगड्याच्या घड्या घालाव्या आणि एका बाजूला, कापडांत गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवावी. ती एकाच बाजूला असावी, म्हणजे फार ऊन लागल्यास पिलाला सरपटत दूर जातां येतें. ऊब हळूहळू, तास-दोन तासांत येऊं द्यावी. शेगडीपाशीं धरून किंवा कढत पाण्यानें शेकून घाई करूं नये. पहिल्या आठवड्यांत त्या खोक्यांत सुमारें ३० ते ३२ अंश उष्णता हवी. पुढें दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करीत चौथ्या आठवड्यांत २४ अंशांपर्यंत आणली तरी चालतें. मुंबईच्या वैशाखांत ही काळजी फारशी पडत नाहीं. पुण्याच्या पौषांत किंवा श्रावणसरींत मात्र रात्रींतून दोन-तीनदां पिशवींतलें पाणी बदलावें लागतें.

तिसरी चूक दुधाची. दूध म्हटलें कीं तें सर्व सारखेंच असें वाटतें. परंतु प्रत्येक प्राण्याचें दूध त्याच्या बाळाच्या वाढीच्या मापानें बनलेलें असतें. माणसाच्या बाळाचें वजन दुप्पट होण्यास पांच-सहा महिने लागतात. मांजराचें पिलूं दोन आठवड्यांच्या आंतच दुप्पट होतें. इतक्या झपाट्यानें स्नायु व हाडें घडवावयाचीं तर दूधही तसेंच सकस हवें. मांजरीच्या दुधांत शेंकडा सात-आठ भाग प्रथिनें असतात. गाईच्या दुधांत तीं तीन-साडेतीन भागच असतात. म्हणजे पिलाला निम्मेंच मिळतें, आणि त्यांत पाणी घातलें तर निम्म्याचेंही निम्में. उलट गाईच्या दुधांत दुग्धशर्करा मात्र मांजरीच्या दुधाहून जास्त असते. ती पिलाला पुरती पचत नाहीं व त्याला जुलाब होतात. १०० ग्रॅमच्या जीवाला जुलाब म्हणजे एका दिवसांत शरीरांतील पाण्याचा साठा संपणें होय. शेळीचें दूध हलकें म्हणून अनेकजण सुचवितात. पण प्रथिनांच्या बाबतींत तेंही गाईच्या दुधासारखेंच असतें. तान्ह्या मुलांची दुधाची भुकटीही येथें उपयोगी नाहीं, कारण ती माणसाच्या सावकाश वाढीच्या मापाची असते.

मग द्यावें काय? मांजराच्या पिलांसाठीं मुद्दाम तयार केलेली दुधाची भुकटी आतां शहरांतील पशुवैद्यांकडे व प्राण्यांच्या खाद्याच्या दुकानांत मिळते. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणांतच ती कालवावी. अधिक घट्ट केल्यास पोट बिघडतें, अधिक पातळ केल्यास पिलूं उपाशी राहतें. आडवेळीं ती मिळाली नाहीं, तर एक रात्र निभावून नेण्यापुरतें एक कपभर सायीसकट दूध घेऊन त्यांत एका अंड्याचा पिवळा बलक नीट घोटावा व तें गाळून द्यावें. पांढरा भाग घालूं नये, कारण कच्च्या पांढऱ्या बलकांतील एक द्रव्य बायोटिन नांवाच्या जीवनसत्त्वाला अडवून धरतें. हा तोडगा एक-दोन दिवसांचा आहे. महिनाभर त्यावर पिलूं वाढविण्याचा विचार करूं नये. साखरही घालूं नये. तिचा उपयोग नाहीं इतकेंच नव्हे, तर मांजराला ती कळतही नाहीं. गोडी ओळखण्यासाठीं जिभेवर जें ग्रहणस्थान लागतें, तें घडविणारें जनुक मांजराच्या कुळांत निकामी झालेलें आहे, असें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या संशोधकांनीं २००५ सालीं दाखवून दिलें.

दूध किती द्यावें, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. नुकत्याच जन्मलेल्या पिलाचें वजन सुमारें १०० ग्रॅम असतें, आणि त्याच्या पोटांत एका वेळीं सुमारें ४ मिलिलिटर दूध मावतें. चहाचा एक चमचा ५ मिलिलिटरचा धरला, तर पिलाचें पोट एका चमच्याहूनही लहान ठरतें. दिवसाकाठीं मात्र त्याला २० ते २५ मिलिलिटर दूध हवें असतें. म्हणजे थोडें थोडें आणि पुन्हां पुन्हां देणें, एवढाच मार्ग उरतो. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां. दुसऱ्या आठवड्यांत तीन-चार तासांनीं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत चार-पांच तासांनीं पाजावें. वजन वाढेल त्या मानानें माप वाढवावें. झोपमोड करण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें हें काम अंगावर घेण्याऐवजीं दुसऱ्या एखाद्या पाजत्या मांजरीचा किंवा प्राणिप्रेमी संस्थेचा शोध घेणें हेंच पिलाच्या हिताचें असतें. पाजती मांजरी दुसऱ्याचें पिलूं पुष्कळदां आपलेंसें करते.

चौथी चूक पाजण्याच्या रीतीची. पिलें आईला पितात तीं पोटावर पालथीं पडून, मान किंचित् वर करून. माणसानेंही तसेंच पाजावें. उताण्या पिलाच्या तोंडांतलें दूध सरळ श्वासनलिकेकडे वाहतें, फुप्फुसांत जातें, आणि त्यापासून होणारा विकार बहुधा जीवघेणा ठरतो. बारीक रबरी बूच असलेली लहान बाटली सर्वांत चांगली. बाटली उलटी धरली असतां थेंब थेंब गळावा, धार लागूं नये. बाटली मिळेपर्यंत सुई काढलेली लहान पिचकारी वापरतां येते. परंतु दट्ट्या दाबून दूध घशांत लोटूं नये, एकेक थेंब ओठांशीं आणावा व पिलाला ओढूं द्यावा. दूध पिलाच्या अंगाइतकें, म्हणजे मनगटाच्या आंतल्या बाजूस थेंब टाकला असतां ना ऊन ना गार लागेल असें, कोमट असावें. नाकांतून दूध येऊं लागलें तर तत्काळ थांबावें, पिलाचें डोकें खालीं करून नाक पुसावें. भांडीं, बाटली व बूच दर वेळीं उकळून घ्यावीं.

पाजून झालें म्हणजे काम संपलें असें नाहीं. मांजरी पिलाला पाजते व नंतर त्याचें ढुंगण जिभेनें चाटते. पाहणाऱ्याला ती स्वच्छता वाटते, पण तेवढाच तिचा हेतु नसतो. पहिले सुमारें तीन आठवडे पिलाला आपण होऊन लघवी वा शौच करतां येत नाहीं. त्या जिभेच्या स्पर्शानेंच तें होतें. पोरक्या पिलाच्या बाबतींत कोमट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें त्या जागीं हलकेच पुसावें. क्षणभरांत लघवी होते. हें न केल्यास चांगलें दूध पिणारें पिलूंही पोट फुगून तळमळतें.

पिलाला पुरेसें मिळतें कीं नाहीं, हें त्याच्या रडण्यावरून कळत नाहीं, तें वजनावरून कळतें. स्वयंपाकघरांतील लहान वजनकांट्यावर रोज ठराविक वेळीं पिलाला वाटींत ठेवून वजन करावें व तें वहींत लिहावें. हें काम घरांतील मुलांकडे द्यावें. गणिताचा इतका जिवंत पाठ त्यांना दुसरीकडे मिळणार नाहीं. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ झाली कीं सर्व ठीक आहे असें समजावें. त्या मानानें चार आठवड्यांचें पिलूं ४०० ते ४५० ग्रॅमचें होतें. वजन एक दिवस जागच्या जागीं राहिलें तर सावध व्हावें. घटलें तर त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. त्यांच्याकडे जंतांचें औषधही विचारावें, कारण जंत आईच्या दुधांतूनच पिलाच्या पोटांत उतरतात आणि त्याच्या अन्नांत वांटेकरी होतात.

सात ते दहा दिवसांत डोळे उघडतात, दोन-तीन आठवड्यांत पुढचे दांत दिसूं लागतात, आणि चौथ्या आठवड्यांत सुळे आले म्हणजे पिलूं बाटलीचें बूच चावूं लागतें. दूध सोडविण्याचा हा आरंभ. तेंच दूध घेऊन त्यांत पिलांसाठीं मिळणारें मऊ खाद्य किंवा शिजवून अगदीं बारीक वाटलेलें कोंबडीचें मांस मिसळावें, पेजेइतकें पातळ करावें व उथळ बशींत द्यावें. पिलाचें नाक बशींत बुडवूं नये. बोटाला लावून चाटवावें, तें आपण होऊन बशीकडे येतें. दर दोन-तीन दिवसांनीं मिश्रण थोडें घट्ट करीत जावें. सात-आठ आठवड्यांचें झालें कीं पिलाला दूध नसलें तरी चालतें. पाण्याची वाटी मात्र चौथ्या आठवड्यापासूनच जवळ ठेवावी.

येथें घरोघर आणखी एक चूक होते, आणि ती पहिल्या चार चुकांहून सावकाश पण तितक्याच निश्चितपणें अपाय करते. दूध सुटलेल्या पिलाला दूधभात किंवा दूधपोळी दिली जाते. मराठींत मांजराला वाघाची मावशी म्हणतात तें थट्टेनें. परंतु २०१३ सालीं वाघाच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हां तो मांजराच्या आराखड्याशीं शेंकडा सुमारें ९५.६ इतका जुळतो असें आढळून आलें. पोटाच्या बाबतींत तर हें नातें अगदीं सख्खें आहे. कुत्रा माणसाबरोबर भाकरीवर जगूं शकतो. मांजराचें शरीर मांसाशिवाय चालूं शकत नाहीं. गाजरांतील पिवळ्या रंगद्रव्यापासून माणूस ‘अ’ जीवनसत्त्व बनवितो, मांजराला तें साधत नाहीं. त्याला तें जीवनसत्त्व प्राणिज अन्नांतून तयारच मिळावें लागतें. टॉरीन नांवाचें दुसरें एक द्रव्यही तसेंच.

या टॉरीनची कथा दूधभातावर श्रद्धा असणाऱ्यांनीं अवश्य ऐकावी. टीडेमान व ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८२७ सालीं तें बैलाच्या पित्तांतून वेगळें काढलें, आणि बैलाच्या लॅटिन नांवावरून त्याचें नांव पडलें. पुढें जवळजवळ दीडशें वर्षें मांजराशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें फारसें कोणाच्या मनांत आलें नाहीं. १९७५ सालीं अमेरिकेंतील हेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, ज्या मांजरांना प्रथिन म्हणून केवळ केसीन दिलें होतें, त्यांच्या डोळ्यांतील पडदा झिजून त्यांची दृष्टि जाऊं लागली. कारण त्या आहारांत टॉरीन नव्हतें. केसीन हें दुधांतलेंच मुख्य प्रथिन होय. १९८७ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पायन प्रभृति संशोधकांनीं आणखी दाखविलें कीं, टॉरीन कमी पडल्यास मांजराचें हृदय दुबळें होऊन फुगतें, आणि टॉरीन देतांच तें पुष्कळ अंशीं पूर्ववत् होतें. टॉरीन मांसांत, विशेषतः हृदयासारख्या अवयवांत, आणि मासळींत असतें. तांदळांत व गव्हांत तें नसतें.

यावर कोणी म्हणेल कीं, आजीच्या वाड्यांत मांजरें दूधभातावरच जन्मभर जगलीं, त्यांचें काय? तीं जगलीं हें खरें. पण दूधभात हें त्यांचें जेवण नव्हतें, तें वरचें खाणें होतें. वाड्याच्या माळ्यावर, धान्याच्या कोठारांत आणि मागच्या परसांत जे उंदीर, पाली व चिमण्या तीं रात्रंदिवस मारीत, तें त्यांचें खरें जेवण. उंदरांत टॉरीन भरपूर असतें. आजीच्या नजरेस दूधभाताची रिकामी बशी पडे. उंदीर कोठें संपला तें तिला दिसत नसे. आज तेंच मांजर चौथ्या मजल्यावरील बंद घरांत राहतें. तेथें उंदीर नाहीं, परसूं नाहीं. अशा घरांत आजीच्या बशीचें अनुकरण केलें म्हणजे जेवण काढून घेऊन वरचें खाणें तेवढें पुढें ठेवल्यासारखें होतें. पोट भरतें, पण वाढत्या पिलाचें शरीर आंतून पोकळ होत जातें.

आतां मांस द्यावयाचें म्हणजे केवळ मांसाचे तुकडे दिले कीं झालें, असेंही नाहीं. वाघ हरणाचें हाडही फोडतो; मांजर उंदीर सगळाच्या सगळा खातें. हाडांत चुना असतो, नुसत्या मांसांत तो फार थोडा असतो. केवळ बिनहाडाच्या मांसावर वाढविलेल्या पिलाची हाडें मऊ होऊन वांकतात व लहानशा उडीनेंही मोडतात. नुसतें काळीज रोज दिल्यास ‘अ’ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर जाऊन मणके जखडतात. कित्येक कच्च्या माशांत ‘ब-१’ या जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें. म्हणून मासळी उकडून व कांटे काढूनच द्यावी. शिजविलेलीं हाडें फुटून टोकदार होतात, तीं मुळींच देऊं नयेत. या सर्व मापांचा मेळ घरच्या घरीं घालणें अवघड असल्यामुळें, पिलांच्या वाढीसाठीं पूर्ण आहार असें ज्याच्या वेष्टनावर स्पष्ट लिहिलें आहे, असें तयार खाद्य मुख्य ठेवावें, आणि उकडलेली कोंबडी, मासळी वा अंडें अधूनमधून द्यावें, हा मार्ग सुरक्षित होय.

ज्या घरांत मांस-मासळी शिजत नाहीं, तेथें हा विषय नाजूक आहे. घराचे आचार घरानें पाळावे. पण ते मांजरावर लादतां येत नाहींत, कारण मांजराला निवड करतां येत नाहीं. अशा घरानें तयार खाद्य गच्चींत किंवा वेगळ्या कोपऱ्यांत, वेगळ्या बशींत द्यावें. पुष्कळ शाकाहारी घरें असें आनंदानें करतात. तेंही मनाला पटत नसेल, तर पिलाला वांचवून, वाढवून, त्याला योग्य असें दुसरें घर पाहून देणें ही दया पूर्णच आहे.

वर्ज्य पदार्थही ध्यानांत ठेवावे. कांदा व लसूण मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. म्हणून मसाल्याच्या रश्श्यांतले तुकडे धुऊनही देऊं नयेत. चॉकलेट व खारवलेली मासळी टाळावी. पिलाला ताप वाटला म्हणून माणसांच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी कदापि देऊं नये. मांजराच्या यकृताला ती निर्विष करतां येत नाहीं, आणि एका गोळीचा अंशही प्राणघातक ठरूं शकतो. पिलूं चावलें वा ओरखडलें, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि डॉक्टरांचा सल्ला लगेच घ्यावा.

दोन महिन्यांच्या पिलाला दिवसांतून चारदां, सहा महिन्यांपर्यंत तीनदां, आणि पुढें दोनदां खावयास द्यावें. वजनाच्या मानानें वाढत्या पिलाला मोठ्या मांजराच्या अडीच-तीन पट अन्न लागतें, म्हणून या वयांत हात आंखडूं नये. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास रोगप्रतिबंधक लशीही सुरू कराव्या.

इतकें सर्व करूनही कांहीं पिलें वांचत नाहींत, हें सांगितलें पाहिजे. मांजरीच्या स्वतःच्या कुशींतलींही सर्व पिलें वांचत नाहींत. परंतु चुकीच्या दुधानें, थंड पोटीं, उताणें धरून पाजल्यामुळें गेलेलें पिलूं आणि सर्व उपाय करूनही गेलेलें पिलूं, या दोहोंत फरक आहे, आणि तो घरांतल्या मुलांना समजतो. आणि पुष्कळ पिलें वांचतातही. जिन्याखालीं सांपडलेलें तें मुठीएवढें ओलें गाठोडें दोन महिन्यांनीं जवळजवळ ९०० ग्रॅमचें होतें, पडद्यावर चढतें, वजनाच्या वहीवरच झोपतें, आणि पहाटे बशी रिकामी दिसली तर घरांतल्या सर्वांना उठवितें. त्या बशींत काय घालावयाचें तें घराला तोंवर कळलेलें असतें.